कच्च्यातलं स्टँडर्ड

1998 सालच्या नोव्हेंबरात, 28 तारखेला संध्याकाळी, आमच्या नारपोलीच्या कारखान्यात उणे 31,936 मीटर कापड निघालं. उणे म्हणजे उणेच. बारा कारागिरांनी दोन पाळ्यांत महिनाभर राबून काही विणलं तर नाहीच, उलट जवळजवळ बत्तीस हजार मीटर कापड बाहेरून आणून उसवलं, असा त्याचा सरळ अर्थ. मजुरी मीटरवर. त्यामुळे पगाराला कारागिरांनी रांग लावायची आणि एकेकाने पुढे येऊन आमच्या अण्णांना पैसे मोजून द्यायचे, असं कॉम्प्युटरचं म्हणणं पडलं.

कॉम्प्युटरचं म्हणजे माझं. नारपोलीत आमच्या गल्लीपुरता तेव्हा दोघांत फरक केला जात नसे.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि ‘सी’ नावाची भाषा शिकत होतो. घरचे 24 माग होते, जॉबवर चालणारे. जॉबवर म्हणजे सूत शेठचं, कापड शेठचं, खटखट आमची. कुठल्या मागावर किती मीटर निघाले ते मेहताजी रोज लाल वहीत लिहीत आणि महिनाअखेर बोटांच्या पेरांवर बेरीज करत. मला ते पाहवेना. शिकलेल्या मुलाला घरातलं काही पाहवत नाही, हा त्या शिक्षणाचाच भाग असावा. एका बंद पडलेल्या ऑफिसातून जुनं मशीन आणलं, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर रात्र जागवून हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. 24 माग, मागामागे दिवसाला ढोबळ 50 मीटर, म्हणजे रोजचे 1,200. सत्तावीस दिवस बेरीज शहाण्या मुलीसारखी वाढत 32,400 पर्यंत गेली. अठ्ठाविसाव्या दिवशी 33,600 व्हायची ती पाताळात गेली.

मेहताजींनी चष्मा कपाळावर चढवून पडदा पाहिला. “बाबू, ये आगे का डंडी क्या है?”

“मायनस आहे, मेहताजी.”

“तो फिर शेठ को बोलूं क्या, कपडा वापस करो, हमारा उधर निकलता है?”

घोटाळा साधा होता. टर्बो सीमध्ये ‘इंट’ नावाचा जो डबा असतो त्यात जास्तीत जास्त 32,767 मावतात. त्यावर एक जरी टाकला तरी काटा गर्रकन फिरतो आणि उणे 32,768 वर जाऊन बसतो. जुन्या रिक्षाचा मीटर भरला की निदान शून्यावर यायचा. हा थेट सावकाराच्या दारात नेऊन उभा करतो. सोमवारी कॉलेजात सरांना विचारलं. त्यांनी वर न बघता सांगितलं, “इंटच्या जागी लाँग लिही.” लिहिलं. बेरीज सरळ झाली. एका शब्दाचं काम.

इथे हा लेख संपला असता, पण आमचे अण्णा भिवंडीत धंदा करत होते.

या धंद्यात कापडात डाग निघाला तर डाग काढून प्रश्न सुटत नाही. डाग कुणाचा, हे ठरावं लागतं. सूत खराब होतं की सायझिंगवाल्याने खळ कमी लावली, कारागिराने तुटलेला धागा तसाच सोडला की गाठीवर पाणी पडलं, हे ठरल्याशिवाय कटौती कुणाच्या नावावर टाकायची? आणि कटौती कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय महिना बंद होत नाही. अण्णांनी लाँग-बिंग ऐकून घेतलं आणि विचारलं, “चूक कुणाची?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझी, की मशीनची, की ज्याने ही भाषा काढली त्याची? बत्तीस हजारच मावतील असं कुठे लेखी दिलंय का त्याने? लेखी काढून आण.”

शेठ आम्हाला माल सांगायचे तो चिठ्ठीवर. पन्ना इतका, रीड इतकी, पिक 52. बोटभर चिठ्ठी, पण तीच मानक. मेहताजी कापडावर भिंग ठेवून एका इंचातले धागे मोजायचे. 52 च्या जागी 48 भरले तर शेठ चिठ्ठी दाखवायचे आणि आम्ही आकाश दाखवायचो. अण्णांना वाटलं, सी भाषेचीही अशी एक चिठ्ठी असेल. त्यांचं वाटणं अगदी बरोबर होतं. ही भाषा डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्समध्ये घडवली, प्रत्येक कंपनी आपापल्या चालीवर ती विणायला लागली, म्हणून 1983 साली अमेरिकेच्या मानक संस्थेने एक समिती बसवली आणि 1989 च्या डिसेंबरात मानक मंजूर झालं. पुढच्या वर्षी ते आंतरराष्ट्रीय झालं, क्रमांक 9899. चिठ्ठी होती. फक्त ती बघायला मिळत नव्हती.

आधी घरातलं पुस्तक काढलं. बालगुरुसामींच्या पुस्तकाच्या नावातच ‘एएनएसआय सी’ असं मानक संस्थेचं नाव आहे. अण्णा म्हणाले, “हे गाइड झालं. मूळ कुठाय?” नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ पुढे केलं. आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांना प्रोग्रॅमिंग आलं ते त्याच पुस्तकातून, आणि उरलेल्या निम्म्यांना आलं नाही तेही त्याच पुस्तकातून. अण्णांनी ते चाळलं, म्हणाले, “छान समजावलंय. पण समजावलंय म्हणजे मूळ दुसरीकडे आहे.” हा माणूस सातवी पास होता.

कॉलेजजवळच्या दुकानात गेलो. “सीचं स्टँडर्ड आहे का?”

“कितवी स्टँडर्ड?”

“इयत्ता नव्हे हो. सी लँग्वेजचं स्टँडर्ड.”

“मीडियम कुठलं?”

मी परोपरीने समजावलं. दुकानदाराने सहानुभूतीने ‘21 अपेक्षित’ची एक प्रत काढून दिली. घरी आईला कळलं की मुलगा कसल्यातरी स्टँडर्डच्या मागे आहे, तेव्हा तिने एवढंच सांगितलं की घेशील ते आयएसआय मार्क बघून घे, मागच्या वेळी तुझ्या वडिलांनी कुकर आणला तो शिट्टीच करत नाही.

मग मुंबई. भिवंडीहून एसटीने ठाणे, ठाण्याहून लोकलने माटुंगा, तिथून चालत किंग्ज सर्कलचा फुटपाथ. इंजिनियरिंगचं अर्धं शिक्षण त्या फुटपाथवरून स्वस्तात निघालेलं आहे. तिथल्या विक्रेत्यांना पुस्तक आतून ठाऊक नसलं तरी कुठल्या सेमिस्टरला कुठल्या रंगाचं चालतं ते चोख ठाऊक असतं. त्यांतल्या एकाने कर्निगन आणि रिची यांचं पातळ पांढरं पुस्तक हातात ठेवलं. स्वस्त भारतीय आवृत्ती, दीडशेच्या आतबाहेर किंमत. साक्षात भाषेच्या बापाने लिहिलेलं. मी आनंदात परत आलो. परतीच्या एसटीत कशेळीच्या पुलावर वाहतूक तुंबली तेवढ्यात पहिलं परिशिष्ट वाचलं. त्यात रिचींनी प्रामाणिकपणे कबूल केलेलं की हे परिशिष्ट म्हणजे मानक नव्हे. पुस्तक 1988 चं, मानक 1989 चं. म्हणजे खुद्द बापाने पुस्तक लिहिलं ते मसुदा समोर ठेवून.

हे वाक्य तेव्हा मी नुसतंच वाचलं. त्यातलं मर्म कळायला चौदा वर्षं गेली.

मूळ मानकाची किंमत कळली तेव्हा मी ती घरात सांगितलीच नाही. अमेरिकेत 130 डॉलर, त्यावेळच्या भावाने साडेपाच हजारांच्या आसपास. तेवढ्यात आणखी एक जुना माग आला असता, असं अण्णा म्हणाले असते आणि संध्याकाळपर्यंत आणलाही असता. एक स्वस्त वाट होती. हर्बर्ट शिल्ट हे नाव आपल्याकडेही जाड जाड पुस्तकांमुळे प्रसिद्ध आहे. त्यांनी मानकाचा मूळ मजकूर घेऊन त्यावर स्वतःची टीका लिहिली आणि तो सटीक ग्रंथ बाजारात आला सुमारे 40 डॉलरना. नुसतं मूळ घ्या, 130. मूळ अधिक टीका घ्या, 40. तिकडच्या जाणकारांनी ताबडतोब वजाबाकी केली. दोन किमतींत जो फरक आहे ती टीकेची किंमत, असं ते म्हणू लागले, म्हणजे उणे 90 डॉलर. टीकेत चुका पुष्कळ होत्या आणि मूळ मजकुराचीही काही पानं गळाली होती.

मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटणारच. आपल्याकडे गीतेचे 700 श्लोक, त्यावर ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या, आणि टीकेमुळे मूळ ग्रंथ घराघरांत गेला. आपल्याकडे टीका मुळाचं मोल वाढवते. 90 डॉलरने उतरवणारी टीका नेवाशात कुणी ऐकून घेतली नसती. पण उणे किंमत निघू शकते हे वाचून मला मात्र एकटेपणा जरा कमी वाटला.

पुढे मानकाच्या आवृत्त्या निघत गेल्या. 1999, 2011, 2018 आणि आता 2024. आज जिनिव्हाच्या संस्थेकडून आंतरराष्ट्रीय प्रत घ्यायची म्हटलं तर दोनशेहून जास्त स्विस फ्रँक पडतात, म्हणजे वीस हजारांच्या घरात रुपये. तेही कागद नव्हे, पीडीएफ. वीस हजार देऊन हातात वजन काहीच नाही, ही गोष्ट भिवंडीत समजावून सांगणं कठीण आहे. त्याहून कठीण म्हणजे हे पैसे जातात कुठे ते सांगणं. मानक लिहिणाऱ्या समितीतली माणसं त्या संस्थेची पगारी नसतात. त्यांच्या कंपन्या आणि विद्यापीठं त्यांचा खर्च सोसतात. म्हणजे गावच्या भंडाऱ्याला गावाने शिधा दिला, गावच्या पोरांनी चुली पेटवल्या, रात्रभर ढवळून भाजी केली, आणि पंगत बसल्यावर मांडववाला गल्ला मांडून म्हणतो, ताटाचे वीस हजार. मांडवाचाही खर्च असतो, हे मला मान्य आहे. पण भाजी आमची होती.

याच्या उलट आपलं मराठी. लेखनाचे नियम 18. त्यातले 14 शासनाने 1962 साली मान्य केले, 4 ची भर 1972 मध्ये पडली. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकाच्या शेवटी फुकट मिळतात. कुणी पाळत नाही. सीचे नियम वीस हजारांचे. कुणी वाचत नाही. ऱ्हस्वदीर्घ आणि इंट यांचं नशीब एकूण सारखंच.

असो. चौदा वर्षं मध्ये गेली. नारपोलीभोवती माग उठून गोदामं उभी राहिली. अण्णांचे 24 चे 12 माग झाले आणि मी माणकोलीच्या एका गोदामात खोकी मोजणारं सॉफ्टवेअर सांभाळायला लागलो. खोकी मीटरपेक्षा बरी. निदान उसवता येत नाहीत. तिथे एका तरुण सहकाऱ्याने सहज सांगितलं, “सर, स्टँडर्ड कशाला विकत घेता? ड्राफ्ट घ्या ना.”

समिती छापायला पाठवण्याआधी आपला मसुदा सगळ्यांसाठी खुला ठेवते, ही गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. 2011 च्या मानकाचा शेवटचा मसुदा, क्रमांक एन 1570, तारीख 12 एप्रिल 2011, पानं 701. पैसे शून्य. आणि अंतिम प्रतीत व मसुद्यात फरक जवळपास नाही. तेव्हा मला रिचींचं ते वाक्य आठवलं आणि उलगडा झाला. अरे, हे तर कच्चं बिल! पक्कं बिल घ्या, कराबिरासकट वीस हजार. कच्च्यात घ्या, माल तोच, पैसे कमी. आपण उगाच चौदा वर्षं पक्क्याच्या रांगेत उभे होतो. प्रोग्रॅमर मंडळी मसुदाच वाचतात, एकमेकांना मसुद्यातलीच कलमं सांगतात. पक्कं घेणारे घेत असतील. मला अजून एकही भेटलेला नाही.

आता गंमत ऐका. भाषा कुठल्या सालची आहे हे सांगणारा एक आकडा मानकात असतो, वर्ष आणि महिना मिळून. मसुद्यात त्या जागी 201 लिहून पुढे वर्षाच्या एका आणि महिन्याच्या दोन अंकांसाठी अक्षरं ठेवली होती, नंतर भरू म्हणून. लग्नपत्रिकेच्या नमुन्यात ‘चि. अमुक’ ठेवतात तसं. आणि पक्की, दोनशेहून जास्त फ्रँकांची प्रत छापून आली तीही तशीच. चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक. 2012 साली शुद्धिपत्र काढून आकडा भरावा लागला.

मी 701 पानांची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन नारपोलीतल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

“सातशे एक? जमिनीची केस आहे का, दादा?”

“नाही, पुस्तक आहे.”

त्याने पहिलं पान वाचलं. “यावर तर ड्राफ्ट लिहिलंय. फायनल झाल्यावर काढा ना, दोनदा खर्च कशाला?”

“फायनलपेक्षा हेच बरं असतं.”

एवढं ऐकल्यावर त्याची खात्री पटली की केस जमिनीचीच आहे. पाठपोट 351 कागद, दीड रुपया कागद, दोन भागांत स्पायरल. एकूण वजन दीड किलोच्या वर भरलं. मी ते अण्णांसमोर ठेवलं. अण्णांनी हातात घेऊन झोकून पाहिलं आणि म्हणाले, “आता कसं लेखी वाटतंय.”

रविवारी दुपारी आम्ही वाचायला बसलो. मी वाचत होतो, अण्णा सुपारी कातरत होते. या ग्रंथाची खुबी अशी की त्यात काय होईल यापेक्षा काय होईल ते सांगणार नाही, याची मांडणी जास्त काळजीने केली आहे. त्याचे तीन प्रकार. पहिल्यात चार गोष्टींपैकी एक होईल, पण कुठली ते विचारायचं नाही. अण्णा म्हणाले, “सायझिंगवाला. सोमवार ते गुरुवार कधीही बीम देतो.” दुसऱ्यात ज्याने त्याने आपापलं ठरवावं, पण ठरवलेलं लिहून ठेवावं. “शेठ लोक. प्रत्येकाची कटौती वेगळी, पण वहीत असते.” तिसऱ्यात काहीही होऊ शकतं आणि आम्ही कशालाच जबाबदार नाही. याचं नाव ‘अनडिफाइन्ड’. जाणकार मंडळी 1992 पासून गमतीने सांगतात की या प्रकारात तुमच्या नाकातून भुतं बाहेर आली तरी मानकाची हरकत नाही. अण्णांनी अडकित्ता थांबवला. “संध्याकाळी सहाचा धामणकर नाका,” ते म्हणाले.

या तिसऱ्या प्रकाराची यादीच शेवटी परिशिष्टात दिली आहे, सुमारे दोनशे कलमांची. ती वाचताना माझा एक जुना घाव उघडला. डिप्लोमाच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा. आय बरोबर पाच, तर आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय बरोबर किती? दोन मार्क. मी एक उत्तर लिहिलं, शेजारच्याने दुसरं, पुस्तकात तिसरं होतं, आणि माझे दोन मार्क गेले. कलम 6.5, परिच्छेद 2 सांगतो की या प्रश्नाला उत्तरच नाही. नाकातून भुतं हे उत्तरही चाललं असतं. महाराष्ट्रात अशी किती मुलं त्या दोन मार्कांनी अडली असतील आणि किती मुलाखतींतून परत गेली असतील! पेपर काढणाऱ्यांपैकी एकाने जरी कच्च्यातली प्रत चाळली असती तरी त्या मुलांची वर्षं वाचली असती. या बाबतीत मला विनोद सुचत नाही.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘व्हॉइड मेन’ लिहिणं महापाप आहे असं मला मोठ्या शहरातली मुलं ऐकवायची. कलम 5.1.2.2.1 पाहिलं तर तिथे व्हॉइडच्या जागी इंट लिहा म्हटलंय खरं, पण शेवटी बारीक आवाजात ‘किंवा ज्याने त्याने ठरवलेल्या अन्य रीतीने’ अशी सोयही ठेवली आहे. दंड आकारला जाईल, किंवा समजून घेतलं जाईल. हा ग्रंथ आपल्याच माणसांनी लिहिला असावा असा मला मधून मधून संशय येतो.

शेवटी मूळ मुद्दा. कलम 5.2.4.2.1. इंटमध्ये किमान किती मावलं पाहिजे, तर 32,767. किमान! म्हणजे टर्बो सीने दिलेला डबा मानकात तंतोतंत बसणारा होता. त्यावर ओतलं तर? बेरीज डब्याबाहेर जाणं हे त्या तिसऱ्या, भुतांच्या प्रकाराचं मानकानेच दिलेलं उदाहरण आहे. भाषेची चूक नाही, मशीनची नाही. लेखी दिलेलं होतं, 1989 पासून.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे कटौती तुझ्या नावावर.”

“अण्णा, चौदा वर्षं झाली.”

“त्या दिवशी पगार चार तास उशिरा झाला. बारा कारागीर, दोनदा चहा मागवला. चोवीस चहाचे दे.”

दिले. आजच्या भावाने घेतले त्यांनी.

मागच्या वर्षी भाच्याने तोच जुना प्रोग्रॅम त्याच्या लॅपटॉपवर चालवून पाहिला, लाँग करण्याआधीचा, डाग असलेला. बेरीज 33,600, बिनचूक. आता इंटचा डबा मोठा झालाय, दोनशे कोटींच्या वर मावतात. रोजच्या 1,200 मीटरने तो भरायला सुमारे 4,900 वर्षं लागतील. तोवर अंजूरफाट्याचा रस्ता होईल. भाचा म्हणाला, “मामा, प्रोग्रॅममध्ये काहीच चूक नाहीये.” मी त्याला स्पायरलचा पहिला भाग दिला. दुसरा मेहताजींच्या जुन्या टेबलावर आहे, त्यावर ते भिंग ठेवतात.

कुणाला प्रत हवी असेल तर फाइल नारपोलीच्या त्या झेरॉक्सवाल्याकडे अजून आहे. डेस्कटॉपवर ‘जमीन केस फायनल 2’ या नावाने सापडेल. पाठपोट आता दोन रुपये घेतो, स्पायरलचे वेगळे. सुट्टे घेऊन जा.